बांबू-फायबरग्लासचे लिम्ब आणि बँडसॉचा पट्टा: वाया गेलेल्या एका लिम्बचं पूर्ण प्रकरण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात भाचीसाठी २४ पाउंडाच्या (ओढायला लागणारा जोर) धनुष्याचे दोन लिम्ब, म्हणजे मुठीच्या वर आणि खाली लागणारे वाकणारे दोन भाग, कापायला घेतले आणि त्यातला एक पहिल्याच कटमध्ये वाया गेला. दुसऱ्याला हात न लावता मशीन बंद केली आणि पुढचे बारा-तेरा दिवस एकाच गोष्टीच्या मागे लागलो, की बँडसॉला, म्हणजे दोन चाकांवरून दातेरी पट्टा फिरवणाऱ्या करवतीला, पट्टा कोणता लावायला पाहिजे होता. जे कळलं ते सगळं इथं लिहितोय, कारण लिम्ब चिकटवायचे कसे हे सांगणारे भरपूर भेटतात पण कापायचे कशाने यावर बहुतेक जण "चांगला पट्टा लाव" एवढंच बोलून मोकळे होतात.

भाची इंडियन राउंड खेळते, म्हणजे बांबूचं धनुष्य. आता तिला रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्यावर जायचंय. २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. ओजसचं धनुष्य कम्पाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, ते प्रकरणच वेगळं, पण शिकणाऱ्या पोरीला लाकडी कोअर (मधला गाभा) आणि वरखाली फायबरग्लास असा लिम्ब पुरतो, आणि तो मी मानेवाड्याला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये बनवू शकतो असं मला वाटलं. बनवला पण. चिकटवण्यापर्यंत सगळं छान झालं होतं.

लिम्ब नेमका कसा होता ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लांबी ६५ सेंटीमीटर. मधे बांबूच्या पट्ट्यांचा कोअर, वर १ मिलिमीटर आणि खाली १ मिलिमीटर फायबरग्लास, ज्याच्यात सगळे धागे लांबीच्या दिशेनेच जातात. सगळं इपॉक्सीने चिकटवलेलं. बुडाशी, म्हणजे मुठीकडे, जाडी १० मिलिमीटर, टोकाशी ६. रुंदी बुडाशी ४२ आणि टोकाशी १५ पाहिजे, म्हणजे दोन्ही कडा हळूहळू आत येणार. एका लिम्बच्या दोन कडा मिळून १.३ मीटरचा कट, जोडीचा २.६ मीटर. ऐकायला काहीच नाही. प्लायवूडमध्ये एवढा कट चहा गार व्हायच्या आत होतो.

मशीन १४ इंची चाकाची. त्यावर १० मिलिमीटर रुंद, इंचाला ६ दाते असलेला साधा कार्बन स्टीलचा पट्टा चढवलेला होता, नवाच, तीन दिवसांपूर्वी त्याने लोण्यासारखं प्लाय कापलं होतं. बुडाकडून सुरू केलं. पहिले १५-२० सेंटीमीटर मस्त गेले. मग वास आला, लाकूड जळल्याचा नाही तर प्लास्टिक जळल्यासारखा घशात बसणारा, आणि आवाज सर्रवरून किर्रवर गेला. तिथंच थांबायला पाहिजे होतं. मला वाटलं हात हळू पडतोय म्हणून मी जोर लावला, पट्टा रेघ सोडून डावीकडे जायला लागला म्हणून उजवीकडे दाबत राहिलो, आणि टोकाजवळ पोचता पोचता तो एकदम आत घुसला. रेघेवर रुंदी १५ ठेवायची होती, उरली १२. खालच्या बाजूचा ग्लास चार सेंटीमीटर लांब उचलला गेला होता, नख घातलं की नख आत जायचं.

३ मिलिमीटरने काय होतं असं कोणाला वाटत असेल तर सांगतो. लिम्बचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, १५ चे १२ झाले की त्या जागी २० टक्के ताकद गेली, आणि एकाच कडेने गेली म्हणजे दोरी ओढल्यावर टोक पिळणार. जाडीचं तर याहून वाईट, ती घनाच्या हिशेबाने जाते, १० टक्के पातळ केलं की ताठरपणा जवळपास २७ टक्के उतरतो, म्हणून दुसरी बाजू घासून बरोबरी करू हा विचारही सोडून द्यावा. तो लिम्ब गेला तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी पट्टा गुंडाळून लकडगंजला घेऊन गेलो. तिथल्या एका आरामशीनवर एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडून मी आधी सागाच्या फळ्या चिरून घेतल्या आहेत. त्यांनी चष्मा वर केला, पट्टा उन्हात धरला आणि अंगठ्याचं नख दात्यांवरून दोन्ही बाजूंनी फिरवलं. मला पण दाखवलं. नवा दाता टोकाला काळसर आणि टोकदार दिसतो, याचं प्रत्येक टोक गोल झालेलं आणि पांढरं चमकत होतं, जणू कोणी बारीक कानस मारली. आणि एका बाजूला वाकवलेले दाते दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त घासलेले.

"एका बाजूचे दाते मेले भाऊ, पट्टा जित्या बाजूकडेच पळन ना," ते म्हणाले.

मी म्हटलं काका, फक्त अर्धा मीटर कापलं हो.

"काय कापलं ते तं सांगा आधी. सागवान पण दाते खाते, त्याच्यात रेती असते. तुमच्या फायबरमंदी तं निरी काच. अन् बांबूची साल काढली होती का पूर्ण? नसन काढली तं तिथं पण रेतीच."

हे ऐकून मी गप्पच झालो कारण बांबूची बाहेरची चकचकीत साल मी काही पट्ट्यांवर थोडी ठेवली होती, मजबूत असते म्हणून. सागात सिलिका असते आणि बांबूच्या सालीत तर चांगलीच असते, हे मला पुस्तकी माहिती होतं पण पट्ट्याशी जोडून कधी बघितलं नव्हतं. म्हणजे माझ्या लिम्बमध्ये दात्यांना खाणाऱ्या दोन गोष्टी होत्या, आणि सगळ्यात मऊ पोलादाचा पट्टा मी लावला होता.

एक गोष्ट इथं समजून घ्यायला पाहिजे. लाकडाचा दात्यासमोर भुसा होतो, तो कातरला जातो. काचेचा धागा कातरला जात नाही, तो मोडतो, आणि मोडताना दात्याच्या टोकाला घासून जातो. बोथट दाता कापायच्या ऐवजी रगडतो, रगडण्यातून गरमी होते, कार्बन स्टीलचा दाता गरम झाला की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि तो अजूनच लवकर बोथट होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की पाच-दहा सेकंदात सगळं संपतं. वर इपॉक्सी. खोलीच्या तापमानाला जमणाऱ्या बऱ्याच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात, आणि आपल्याकडे एप्रिलअखेर-मेमध्ये बाहेरच ४५ च्या आसपास असतं, टिनाच्या शेडमध्ये दुपारी काय असेल ते नागपूरकराला सांगायची गरज नाही. माझा लिम्ब कापायच्या आधीच अर्धा तापलेला होता. त्यामुळे ग्लास उचलला गेला त्यात पट्ट्याइतकाच दुपारचाही हात होता असं मी मानतो, आणि त्यानंतर लिम्ब कापायचं काम सकाळी साडेसहाच्या पुढे कधी नेलं नाही.

मग दात्यांचा हिशेब मांडला. इंचाला ६ दाते म्हणजे दोन दात्यांत ४.२ मिलिमीटर. नियम असा की कापायच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते असावेत. बुडाशी १० मिलिमीटरमध्ये माझे अडीच पण बसत नव्हते आणि टोकाशी ६ मध्ये तर जेमतेम दीड, म्हणजे जिथं सगळ्यात नाजूक काम तिथं एकेक दाता वरून हातोड्यासारखा आदळत होता. इंचाला १४ घेतले तर अंतर १.८ मिलिमीटर, बुडाशी पाच-साडेपाच दाते आणि टोकाशी तीनच्या वर. हिशेब जमतो.

पण गंमत अशी की खुद्द ग्लासचा थर १ मिलिमीटरचाच आहे, त्यात तीन दाते कोणत्याच पट्ट्याचे बसणार नाहीत. वरच्या थराला खाली बांबूचा आधार असतो म्हणून तो नीट कापला जातो. खालच्या थराच्या खाली टेबलाची फट असते, आधार काहीच नाही, आणि बँडसॉचे दाते खाली जातात म्हणून फुटतो नेहमी खालचाच. याला पट्टा बदलणं हे औषध नाही. खाली ६ मिलिमीटरचं भंगार प्लाय ठेवायचं आणि लिम्बसोबत तेही कापत जायचं. लिम्ब वाकडा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, पट्टा जिथं कापतोय बरोबर त्या जागी खाली टेकलेलं पाहिजे, नाहीतर पट्टा तुकडा खाली ओढतो. मी त्याच वाकाची एक लाकडी पाळण्यासारखी बैठक बनवली, दुहेरी टेपने लिम्ब तिला चिकटवला. जिगसॉवाल्यांनी हेच उलटं वाचावं, जिगसॉचा दाता वर येताना कापतो त्यामुळे फुटणार वरची बाजू, तिथं मास्किंग टेप दाबून लावायची आणि रेघ टेपवरच मारायची.

वाया गेलेल्या लिम्बच्या लांब चिपा काढून आणि उरलेल्या ग्लासची एक सपाट फळी मुद्दाम चिकटवून मी पट्टे तपासले. प्रत्येक चीप साधारण ६० सेंटीमीटर.

पहिला, कार्बन स्टीलच पण १४ दात्यांचा. हा मुद्दाम घेतला, कारण मला दात्यांची संख्या आणि दात्यांचं पोलाद या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायच्या होत्या. पहिली चीप इतकी सुंदर निघाली की मला वाटलं झालं आपलं काम. दुसरी अर्ध्यात पोचेपर्यंत तोच वास आणि तीच तपकिरी कड. म्हणजे बारीक दात्यांनी फुटणं थांबलं, पण झिजणं तेवढंच राहिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची चाचणी हीच होती, कारण तोपर्यंत मी दोन दुखण्यांना एकच समजत होतो.

दुसरा बाय-मेटल, १३ मिलिमीटर रुंद, १४ दाते. पाठ लवचीक स्टीलची आणि दात्यांची कड हायस्पीड स्टीलची, ते एम-४२ जातीचं असेल तर त्यात ८ टक्के कोबाल्ट, त्यामुळे गरम झाला तरी दाता कडक राहतो. १३ रुंद घ्यायचं कारण लिम्बच्या कडेला कुठंच बारीक वळण नाही. ६ मिलिमीटरचा पट्टा १६-१७ मिलिमीटरच्या त्रिज्येत वळतो, १० चा ३६-३७ मध्ये, १३ चा ६३-६४ मध्ये, आणि आपल्याला तर जवळपास सरळच जायचंय, तिथं रुंद पट्टा जास्त सरळ चालतो. फक्त हा पट्टा ०.६ मिलिमीटर जाड असतो, १४ इंची चाकावर चालतो पण ज्यांच्याकडे ८-१० इंची छोटी मशीन आहे त्यांनी पातळ पाठीचा मागावा, नाहीतर लहान चाकावर वाकून वाकून तडे जातात.

बाय-मेटल तिसऱ्या-चौथ्या चिपेपर्यंत नीट चालला आणि मग आवाज जड व्हायला लागला. तेव्हा वेगाकडे लक्ष गेलं. १४ इंची चाकाचा घेर १.१२ मीटर, चाक मिनिटाला ८०० फेरे मारतं, म्हणजे पट्टा मिनिटाला जवळपास ९०० मीटर पळतो. लाकडाला बरोबर, काचेला फार. मोटरची पुली बदलून वेग अर्धा केला, साधारण ४५०, आणि त्या जागी चढवलेला तसलाच नवीन पट्टा सगळी फळी संपेपर्यंत कुरकुरला नाही. बांबू हळू कापला जातो हे खरं, पण लिम्ब कापताना घाई कोणाला आहे.

तिसरा ग्रिटचा. याला दातेच नसतात, स्टीलच्या पट्टीच्या कडेवर टंगस्टन कार्बाइडचे कण बसवलेले असतात. तो कापत नाही, घासत जातो, आणि काच तर मोडणारीच वस्तू, त्यामुळे ग्लास असा निघतो की हात फिरवला तर पॉलिश पेपर मारल्यासारखा वाटतो. इतवारीत लोहाओळीत विचारलं, तयार मिळाला नाही, ऑनलाइन मापाने मागवावा लागला. पण माझी पहिली निवड चुकली. मी सलग कडेचा घेतला, म्हणजे कण एका रेघेत न तुटता बसवलेले. ग्लासमध्ये छान, बांबूत गेला की भुसा कणांमध्ये ठासला जायचा, बाहेर पडायला जागाच नाही, आणि बांबू काळा पडायचा. पितळी ब्रशने साफ केला की पुन्हा चालायचा, पुन्हा भरायचा. मधे मधे खाचा असलेला ग्रिटचा पट्टा येतो, त्या खाचांतून भुसा बाहेर जातो, लाकूड आणि ग्लास एकत्र असलेल्या ६ मिलिमीटरच्या वरच्या जाडीला तोच पाहिजे. तो मागवल्यावर जळणं बंद झालं. दात नसल्यामुळे याला दिशा नसते, एका बाजूने मंद वाटला की पट्टा उलटून चढवायचा, तो पुन्हा चावायला लागतो.

कार्बाइडचे दाते बसवलेला पट्टा घ्यावा का असं मला दोघांनी विचारलं. मी घेतला नाही. ते बहुतेक इंचाला तीन-चार दात्यांचे असतात, ६ मिलिमीटरच्या टोकाला एकही दाता पूर्ण वेळ आत राहणार नाही, आणि कार्बाइड ठिसूळ, अशा आदळण्याने त्याची टोकं उडतात. जाड लाकूड चिरायला उत्तम, याला नाही.

अजून एक, पट्टीच्या लांब गुंडाळीतून (कॉइल) कापून स्थानिक जोड मारून घेतलेला एक पट्टा दहा मिनिटांत जोडावरच तुटला. जोड मारल्यावर ती जागा पुन्हा हळू तापवून नरम करावी लागते, ते केलेलं नव्हतं. जोड मारून घेणार असाल तर समोर उभं राहून हे करवून घ्या.

पट्टा ठरल्यावर कापायच्या दिशेचा प्रश्न उरला आणि त्यात माझे दोन दिवस गेले. बुडाकडून टोकाकडे कापत गेलं की टोकाशी पोचतो तो सगळ्यात थकलेला पट्टा, आणि टोक तर सगळ्यात अचूक पाहिजे. म्हणून वाटलं टोकाकडून सुरू करावं, ताज्या धारेने टोक आधी मोकळं. पण ग्लासचे धागे लांबीला आहेत आणि पट्ट्याला धाग्यांसोबत सरळ पळायची ओढ असते. बुडाकडून येताना रेघ आत वळत जाते, पट्टा धाग्यांसोबत सरळ पळाला तर भंगारात जातो, नुकसान नाही. टोकाकडून जाताना रेघ बाहेर पसरत जाते, तिथं पट्टा सरळ पळाला तर थेट लिम्बच्या पोटात. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि एकमेकींच्या विरुद्ध. शेवटी असं केलं, ताज्या पट्ट्याने आधी टोकाकडून १० सेंटीमीटर, रेघेपासून ३ मिलिमीटर सोडून, मग बुडाकडून येऊन त्या कटला मिळायचं, रेघेपासून २ मिलिमीटर सोडून. उरलेलं सगळं ८० नंबरच्या बेल्ट सँडरवर, हलक्या हाताने, थांबून थांबून. रेघेवर पट्ट्याने कापायचा मोह आता मला होत नाही.

धुळीबद्दल मात्र थांबून लिहितो. पहिल्या दिवशी गरम होतं म्हणून शेडमध्ये कूलर लावला होता. कूलरने ग्लासची सगळी धूळ उचलून शेडभर आणि तिथून मागच्या दाराने घरात नेली. रात्री मानेला, कोपराच्या आतल्या बाजूला अशी खाज सुटली की झोप नाही, आणि माझा बनियान धुण्यात बाकी कपड्यांसोबत गेला त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोरगा पण खाजवत बसला. आता कूलर बंद, नळी लावलेला व्हॅक्यूम पट्ट्याच्या खाली, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, आणि एन-९५ च्या खालचा मास्क नाही, रुमाल तर अजिबात नाही. काम झाल्यावर आधी थंड पाण्याने अंग धुवायचं, न चोळता, आणि कपडे वेगळे. शेड झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि बांबू-लाकडाची धूळ साधी आहे असं समजू नका, लाकडाची धूळ ही माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत पहिल्या गटात आहे.

ज्यांच्याकडे बँडसॉ नाही त्यांनी एका जोडीसाठी मशीन घेऊ नये. इंचाला २४ दात्यांची बाय-मेटल हॅक्सॉ पत्ती फ्रेममध्ये ९० अंशांत फिरवून लावली की फ्रेम आडवी येत नाही आणि ६५ सेंटीमीटर लांब कट सरळ मारता येतो. वेळ लागतो, पत्त्या तीन-चार लागतील, पण लिम्ब हातात राहतो. अँगल ग्राइंडरला डायमंड चकती लावून कापणारे मी पाहिले आहेत, मला तो प्रकार पसंत नाही, धूळ चारपट आणि हात एकदा हलला की लिम्ब गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवीन लिम्ब चिकटवला, यावेळी बांबूची साल पूर्ण काढून, आणि जोडी बाय-मेटल १४ दात्यांच्या पट्ट्याने अर्ध्या वेगात कापली. चारही कडांना जळल्याचा डाग नाही, खालचा ग्लास कुठं उचललेला नाही. सँडरनंतर व्हर्नियर लावला, एक टोक १५.० आणि दुसरं १५.१. एक-दोन जोड्या करायच्या असतील तर मी बाय-मेटलच घ्या म्हणेन. ग्रिटचा पट्टा त्याच्या कितीतरी पट महाग पडतो, तो तेव्हाच परवडतो जेव्हा लिम्बमागून लिम्ब कापायचे असतात, आणि भाचीच्या क्लबमधल्या पोरांनी आता सहा जोड्या मागितल्यात म्हणून खाचांचा तो पट्टा सध्या मशीनवर चढलेला आहे. तिसऱ्या जोडीनंतर कालच उलटून लावला.